गुडघा वाजतो म्हणून जिने सोडले: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंचं वय तेव्हा ४६ होतं. लेखा विभागातलं बैठं काम आणि कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत. नावाऐवजी इथे त्यांना ताई म्हणते, कारण तपासणीच्या खोलीतही मी त्यांना ताईच म्हणायचे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचे रुग्ण रोजचेच, तरीही या प्रकरणात माझं पहिलं पाऊल चुकलं, आणि मुख्यतः त्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे.

ताईंना चालायची आवड. रोज तीन मजले पायी, सुट्टीच्या दिवशी टेकडी. एका संध्याकाळी काम लांबलं, सगळे निघून गेले आणि त्या एकट्याच जिना उतरू लागल्या. जिन्यात अगदी शांतता होती. प्रत्येक पायरीला डाव्या गुडघ्यातून ‘कर्र’ असा आवाज येत होता. तो त्याच दिवशी सुरू झाला की वर्षानुवर्षं गर्दीत बुडून जात होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यांच्यापुरता तो त्या दिवशी सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सहकारी म्हणाली, “गुडघे बोलायला लागले म्हणजे आता जपायचं.” त्या दिवसापासून लिफ्ट. महिन्याभरात टेकडी बंद, मग उकिडवं बसणं बंद. जमिनीवरून उठताना कशाचा तरी आधार घेणं सुरू झालं. तीन महिन्यांनी त्यांनी एक्स-रे काढून घेतला. अहवालात वाटीच्या मागच्या भागात ‘सौम्य झीज’ असे दोन शब्द होते. त्यातला ‘सौम्य’ त्यांच्या लक्षात राहिला नाही, ‘झीज’ राहिला. आवाज पहिल्यांदा ऐकल्यापासून आठ महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या.

पहिली भेट

दुखणं फारसं नव्हतं. उतरताना वाटीच्या मागे हलकी कळ, दहापैकी दोन. गुडघ्याला कधी मार लागलेला नव्हता, तो कधी सुजला नव्हता, मध्येच अडकला नव्हता आणि चालताना दगाही दिला नव्हता. गुडघा वाजतो म्हणून कोणी आलं की हे चार प्रश्न मी आधी विचारते. चारही उत्तरं ‘नाही’ असली की पुष्कळ काळजी तिथेच मिटते.

तपासणीत गुडघा पूर्ण सरळ होत होता आणि पूर्ण वाकत होता. आत पाणी नव्हतं. सांध्याच्या रेषेवर दाबून दुखत नव्हतं, लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे, घट्ट होती, आतल्या गादीच्या, म्हणजे दोन हाडांमधल्या मेनिस्कसच्या, चाचण्यांत काही सापडलं नाही. वाटीवर तळहात ठेवून मी त्यांना खुर्चीवर बसल्या बसल्या पाय सरळ करायला सांगितला. हाताखाली रवाळ करकर लागली, मध्याच्या थोडी पुढे, वाकवताना आणि सरळ करताना जवळपास त्याच जागी. ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

“ऐकलंत ना, डॉक्टर?”

“ऐकलं. काही नाही ते. दुर्लक्ष करा. मांडीचे व्यायाम देते, ते करा.”

एका कागदावर चार व्यायाम लिहून दिले आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. त्या आल्या नाहीत.

नेमकी अडचण

त्या परत आल्या सहा आठवड्यांनी. दरम्यान त्यांनी दोन्ही गुडघ्यांना पट्टे घेतले होते आणि ते दिवसभर घालत होत्या. व्यायाम दोन दिवस केले. व्यायाम करतानाही आवाज येतो म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी सोडले. परत येण्याचं कारण वेगळंच निघालं. कार्यालयातली लिफ्ट बंद पडली आणि तीन मजले पायी चढावे लागले. दोनदा थांबावं लागलं.

“गुडघा दुखला का?” मी विचारलं.

“गुडघा नाही हो. मांडी लटलट कापत होती.”

या वाक्याने मला भानावर आणलं. मांडी कापते म्हणजे ताकद गेली. पहिल्या भेटीत मी गुडघा नीट तपासला होता, पण तो सांभाळणारे स्नायू मोजले नव्हते. आता मोजले. खुर्चीवरून हात न लावता उठबस: ३० सेकंदांत ९ वेळा, म्हणजे ४६ व्या वर्षी चालणाऱ्या बाईसाठी कमीच. डाव्या एका पायावर खुर्चीतून उठणं: तीनदा, तेही तोल सावरत. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटीमीटरवर डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर कमी. इतके महिने जपल्याचा हा हिशोब होता.

मग जो प्रश्न सहा आठवड्यांपूर्वी विचारायला हवा होता तो विचारला. “ताई, आवाज येतो तेव्हा आत काय होतंय असं तुम्हाला वाटतं?”

थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हाडावर हाड घासतंय. वंगण संपलंय. आईचेही असेच वाजायचे. तिचे दोन्ही गुडघे बदलावे लागले. प्रत्येक पायरीला थोडं थोडं झिजतंय, असं डोळ्यांसमोर येतं.”

असं डोळ्यांसमोर येत असताना कोण जिना चढेल? प्रत्येक पायरी म्हणजे शिल्लक गुडघ्यातून काढलेला एक तुकडा, असं ज्याला वाटतं त्याने लिफ्ट घेणं हा आळस नाही, काटकसर आहे. आणि मी त्यांना ‘दुर्लक्ष करा’ म्हटलं होतं.

आवाज येतो कुठून

त्या दिवशी व्यायाम शिकवले नाहीत. पाऊण तास फक्त आवाजावर बोललो. ते सगळं इथे देते, कारण पुढचे निर्णय त्यावरच उभे राहिले.

गुडघ्यातले आवाज एकाच जातीचे नसतात. पहिला म्हणजे एकदाच होणारा, बोटं मोडल्यासारखा ‘टक्’. सांध्यातल्या द्रवात विरघळलेला वायू असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्याने दूर झाले की दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटांचे सांधे ओढताना एमआरआयने चित्रीकरण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी ही पोकळी उमटताना दिसली. वायू पुन्हा विरघळेपर्यंत, म्हणजे साधारण २० मिनिटं, तोच सांधा पुन्हा तसा मोडता येत नाही.

दुसरा दर वेळी, त्याच जागी येणारा ‘खट्’. स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, हाडाच्या उंचवट्यावरून सरकून पलीकडे पडते त्याचा. कितीही वेळा पाय वाकवा, तो येतोच. न दुखणारा असेल तर तो त्या शरीराच्या घडणीचा भाग आहे.

तिसरा ताईंचा: रवाळ करकर, कानापेक्षा हाताला जास्त जाणवणारी. वाटीच्या मागे कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत, लवचिक आवरणाचा, जाड थर असतो आणि वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते. वाढत्या वयात कूर्चेचा पृष्ठभाग थोडा खडबडीत होतो, त्याच्या सरकण्याचा हा आवाज. कूर्चेत वेदनेचे मज्जातंतू नसतात, म्हणून पुष्कळांचा गुडघा आयुष्यभर करकरतो आणि दुखत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, ज्यांना गुडघ्याचं काही दुखणं नाही अशांतही साधारण तिघांत एकाचा गुडघा वाजतो.

‘वंगण संपलं’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. सांध्याचं अस्तर सांध्यातला द्रव सतत तयार करत असतं. इंजिनातल्या तेलासारखा तो एकदा भरला आणि उडून गेला, असं होत नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण या द्रवातूनच होतं आणि सांध्यावर भार येऊन उतरला की द्रव तिच्यात आतबाहेर होतो. पायऱ्या चढल्याने वंगण संपत नाही, उलट चढउतारातच कूर्चा पोसली जाते.

बोलता बोलता मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, “हात ठेवा.” ताईंनी माझ्या उजव्या वाटीवर तळहात ठेवला, मी पाय सरळ केला. माझा गुडघा त्यांच्यापेक्षा मोठ्याने वाजतो. त्यांनी पटकन हात उचलला आणि लगेच परत ठेवला. “दुखतं?” “नाही.” “किती वर्षं?” “आठवत नाही इतकी.” पाऊण तासातलं सगळ्यात उपयोगी अर्धं मिनिट तेच असावं.

पण एक गोष्ट लपवायची नव्हती. आवाजाला काहीच अर्थ नसतो, हे पहिल्या भेटीतलं माझं म्हणणं अपुरं होतं. अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या मोठ्या पाहणीत सुमारे ३,५०० जणांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांचा गुडघा नेहमी वाजायचा त्यांना पुढे दुखणारा संधिवात होण्याची शक्यता न वाजणाऱ्यांपेक्षा जास्त आढळली, आणि असे बहुतेक जण ते होते ज्यांच्या एक्स-रेमध्ये आधीपासून बदल होते. ताईंच्या एक्स-रेमध्ये सौम्य बदल होते. मी हे त्यांना सांगितलं. सोबत हेही, की ती आकडेवारी शक्यतेची आहे, आवाज म्हणजे कूर्चा घासून काढणारी कानस नव्हे, आणि मजबूत मांडी हा आपल्या हातात असलेला सगळ्यात चांगला उपाय आहे. त्या घाबरतील अशी मला भीती होती. त्या म्हणाल्या, “आता तुम्ही खरं सांगताय असं वाटतंय.”

समोरचे पर्याय

ताईंची पहिली मागणी एमआरआयची होती. यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण नकार देणं सोपं आणि कारण सांगणं कठीण. एमआरआय वाईट नाही. गुडघा अडकत असता, सुजत असता, दगा देत असता किंवा मार लागल्यावर काही तासांत फुगला असता, तर मीच त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. यातलं काही नसताना काढलेल्या चित्रात काहीतरी निघतंच. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयोगटातल्या ९९१ जणांचे गुडघ्याचे एमआरआय काढले गेले. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली दिसली त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात त्या गुडघ्याचं काहीच दुखलं नव्हतं. ‘सौम्य झीज’ या दोन शब्दांनी ज्यांचे कित्येक महिने खाल्ले, त्यांच्या हातात ‘गादी फाटली आहे’ असा कागद पडला असता तर? आम्ही ठरवलं की १२ आठवडे थांबू, आणि त्या चारपैकी एक जरी लक्षण दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं.

‘वंगणाचं इंजेक्शन’ ही त्यांनी ऐकलेली दुसरी वाट. हायलुरोनिक आम्लाच्या इंजेक्शनांचा संधिवाताच्या वेदनेवर होणारा सरासरी फायदा अगदी थोडा असतो, आणि ज्यांचं मुख्य दुखणं आवाज हेच आहे त्यांना ती द्यायचं कारणच नाही. ही वाट लगेच सोडली.

पट्ट्यांवर मात्र आमचं एकमत नव्हतं. माझ्या मते ते काढावेत, त्यांना ते घातल्यावर धीर यायचा. शेवटी तडजोड झाली: घरात नाही, टेबलाशी बसताना नाही, फक्त जिना आणि लांब चालताना, आणि सहाव्या आठवड्यानंतर तेही नाही.

जपत राहणं हाही पर्याय होताच. त्याचा निकाल मांडीच्या घेरात दिसत होता.

काय केलं

आठवड्यातून तीन दिवस, एका वेळी साधारण २५ मिनिटं. खुर्चीवर सावकाश उठबस, खाली बसताना तीन सेकंद मोजत. कुशीवर झोपून पाय वर उचलणं, कारण कमरेच्या बाजूचे स्नायू ढिले असले की गुडघा आत झुकतो आणि वाटीवर ताण येतो. टाचा उचलणं. आणि पायरी: आधी १० सेंटीमीटर उंच फळी, मग १५, मग खऱ्या जिन्याइतकी.

वेदनेचा नियम साधा होता. करताना दहापैकी तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी मूळपदावर यायला हवी. नाही आली तर पुढच्या वेळी अर्धं करायचं.

आवाजाचं काय करायचं यावर मी दोन दिवस विचार केला. ताई म्हणत होत्या, “रोज लिहून ठेवते, किती वाजला ते.” माझा पहिला विचार ‘नको’ असाच होता. ज्याच्याकडे लक्ष देऊ ते मोठं होतं. पण त्यांच्या मनातलं समीकरण, जास्त आवाज म्हणजे जास्त नुकसान, हे माझ्या सांगण्याने खोडलं जाणार नव्हतं. ते त्यांच्या स्वतःच्या वहीत खोडलं जायला हवं होतं. म्हणून फक्त दोन आठवडे, दोन रकाने: आवाज किती, दुखणं किती. त्यानंतर आवाजाचा रकाना बंद.

त्या लेखा विभागातल्या. वही अशी काही नेटकी ठेवली होती की बस. दोन आठवड्यांनी समोर उघडून ठेवली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “जुळत नाही.” आवाजाला आठ दिलेल्या दिवशी दुखणं एक होतं. दुखणं चार होतं त्या दिवशी आवाज दोन, आणि त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सलग चार तास खुर्चीत काढले होते. पडताळा न जुळणं म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. त्यांनीच पेन्सिलने आवाजाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली.

सहाव्या आठवड्यात अडथळा आला. धीर आल्यावर त्यांनी एका सुट्टीत दीड तास टेकडी चढउतार केली, तीही पट्ट्यांशिवाय. संध्याकाळी डावा गुडघा थोडा फुगला. फोनवरचा त्यांचा आवाज पुन्हा पहिल्या भेटीतल्यासारखा घाबरलेला. सूज हे आमच्या चार लक्षणांपैकी एक होतं, त्यामुळे ‘काही नाही’ म्हणायची सोय नव्हती आणि म्हणायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं. थोडं पाणी होतं, पण गुडघा पूर्ण सरळ होत होता, अडकत नव्हता, गरम किंवा लाल नव्हता, ताप नव्हता. एका दिवसात चारपट भार टाकल्यावर सांध्याच्या अस्तराने केलेली कुरकुर वाटत होती. ठरल्याप्रमाणे हाडांच्या डॉक्टरांनाही त्याच आठवड्यात दाखवलं. त्यांनीही एमआरआयची घाई नको म्हणून सांगितलं. दोन दिवस भार कमी, मग पुन्हा फळीवर, १० सेंटीमीटरपासून. तिसऱ्या दिवशी सूज गेली होती.

चूक दोघींची होती. टेकडी कधी आणि किती, हे मी कागदावर लिहून दिलंच नव्हतं. ‘हळूहळू वाढवा’ एवढंच म्हटलं होतं, आणि हळूहळूचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. मग आकडे घातले: आधी २० मिनिटं सपाटीवर, दर आठवड्याला पाच मिनिटं जास्त, चढ नवव्या आठवड्यापासून.

काय झालं

१२ आठवड्यांनी ३० सेकंदांत १६ वेळा उठबस. डाव्या एका पायावर नऊ वेळा, तोल न जाता. मांडीच्या घेरातला फरक दीडवरून एक सेंटीमीटरवर आला, म्हणजे पूर्ण भरून आला नाही. तेवढ्या काळात तो भरावा अशी अपेक्षाही नव्हती. उतरतानाची कळ बहुतेक दिवशी शून्य, कधीतरी एक. तीन मजले न थांबता.

आवाज होता तसाच आहे. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण आवाज गेला की उपचार यशस्वी, असा समज रुग्णांचाच नाही, आमच्यापैकी अनेकांचाही असतो. ताईंची करकर हाताला पहिल्या दिवशी जशी लागली तशीच शेवटच्या भेटीत लागली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीत ताकद मोजायला हवी होती. उठबस मोजायला अर्धं मिनिट लागतं. तो आकडा त्यांना तेव्हाच दिसला असता तर व्यायाम कशासाठी, हे पटवावं लागलं नसतं.

‘दुर्लक्ष करा’ हे शब्द तर मी आता वापरतच नाही. ते ऐकणाऱ्याला दोनच अर्थ लागतात: एक, हिला कळलं नाही, दोन, हिला सांगायचं नाही. दोन्हींत माणूस दुसरं दार शोधतो. ताईंचे सहा आठवडे तिथे गेले.

आवाजाची नोंद ठेवायचा निर्णय मी पुन्हा घेईन का, याबद्दल मात्र मला खात्री नाही. ताईंना आकड्यांची सवय होती, त्यांच्या बाबतीत तो लागू पडला. सतत काळजी करणाऱ्या एखाद्याच्या हाती तीच वही गेली असती तर रात्री उठून गुडघा वाकवून पाहण्याचा नाद लागला असता. पुढे अशाच एका रुग्णाला मी वही दिली नाही. फक्त माझ्या वाटीवर हात ठेवायला लावला.

आणि आईचा विषय. तो दुसऱ्या भेटीत निघाला, पण मी त्यावर तेव्हा पुरेशी थांबले नाही. आईच्या गुडघ्यांचं नेमकं काय झालं, किती वर्षं दुखत होतं, पाय वाकडे झाले होते का, हे शेवटच्या भेटीत विचारलं. आईचे गुडघे दहा-बारा वर्षं सुजत होते, रात्री ठणकायचे, शेवटी घरातल्या घरात चालणंही कठीण झालं होतं. सांगता सांगता ताई थांबल्या.

“म्हणजे तिचं वाजणं वेगळं नव्हतं,” त्या म्हणाल्या, “बाकीचं सगळं वेगळं होतं.”

मग पिशवीतून दोन्ही पट्टे काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि विचारलं, हे दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील का.